लावलेले केस खरंच कायमचे टिकतात का? हेअर ट्रान्सप्लांटचा इतिहास काय सांगतो

“डॉक्टर, एकदा लावले की केस कायमचे ना?” हेअर ट्रान्सप्लांटची चौकशी करायला येणारा जवळजवळ प्रत्येक तरुण हा प्रश्न विचारतो. जाहिरातीत ‘पर्मनंट’ हा शब्द मोठ्या अक्षरात असतो, त्यामुळे त्याला माझ्याकडून फक्त ‘हो’ ऐकायचे असते. पण हा शब्द आला कुठून, हे पाहिले की उत्तर इतके सोपे राहत नाही.

केस असलेल्या त्वचेचे बारीक तुकडे काढून दुसरीकडे बसवण्याचे काम जपानमध्ये आधीच झाले होते. शोजी ओकुदा या त्वचारोगतज्ज्ञाने 1939 साली ते प्रसिद्ध केले. मात्र त्याचा भर भाजल्याच्या किंवा जखमेच्या व्रणांवर केस आणण्यावर होता. पुढे महायुद्ध पेटले आणि ही माहिती पाश्चात्त्य डॉक्टरांपर्यंत बरीच वर्षे पोचलीच नाही.

पुरुषांच्या टकलासाठी ही पद्धत वापरली न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी, 1952 साली. त्याआधी 1942 मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले होते, की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले त्यांना टक्कल पडत नाही. त्यांना पुरुषी हार्मोन दिले, तर ज्यांच्या घरात टक्कल आहे त्यांचे केस गळू लागतात. म्हणजे हार्मोन आणि आनुवंशिकता, दोन्ही हवेत. पण हार्मोन तर रक्तातून सगळ्या डोक्यात फिरतो. मग पुढचेच केस का जातात आणि मागचे का राहतात?

ओरेंट्राइख यांनी अदलाबदल करून पाहिली. मागच्या भागातली केसाळ त्वचा पुढे टकलावर बसवली, तर तिथे केस वाढत राहिले. टकलावरची त्वचा मागे केसांत बसवली, तर ती टकलीच राहिली. दोष जागेचा नसून मुळाचा आहे, असा याचा अर्थ. मूळ जिथून आले तिथला स्वभाव सोबत घेऊन येते. हा लेख सुरुवातीला स्वीकारला गेला नाही असे सांगतात. 1959 मध्ये तो प्रसिद्ध झाला. ‘पर्मनंट’ शब्दाचे मूळ इथे आहे.

तेव्हाचे ग्राफ्ट सुमारे 4 मिलिमीटर व्यासाचे असत. एकेका तुकड्यात पंधरा-वीस केस आणि मधे मोकळी त्वचा, म्हणजे बाहुलीच्या डोक्यासारखे झुबके. सुरुवातीला आजूबाजूच्या स्वतःच्या केसांत ते खपून जायचे. पण साठ-सत्तरच्या दशकात तिशीत शस्त्रक्रिया करून घेतलेले पुरुष पन्नाशीला आले, तेव्हा खरी अडचण दिसली. लावलेले केस टिकले होते. गळाले होते ते त्यांच्या मागचे, मूळचे केस. कपाळावर झुबक्यांची रांग, तिच्यामागे उघडे टक्कल आणि त्यामागे उरलेले केस! ग्राफ्ट गळून गेले असते तर निदान साधे टक्कल दिसले असते; ते टिकले म्हणूनच माणूस विचित्र दिसू लागला. झुबके काढून, बारीक करून पुन्हा बसवण्याच्या दुरुस्ती शस्त्रक्रिया त्यामुळेच कराव्या लागल्या.

आणि मागचे केस तरी अमर असतात का? कॅनडाचे डॉ. वॉल्टर अंगर यांनी पासष्टीपुढच्या तीनशेहून अधिक पुरुषांची डोकी तपासली आणि उतारवयातही केस टिकण्याची शक्यता कुठे जास्त आहे, तो पट्टा 1994 मध्ये आखून दिला. हाच ‘सेफ डोनर एरिया’. तो अनेकांना वाटतो त्यापेक्षा अरुंद आहे. काहींचे टक्कल वरून खाली उतरते, काहींचे केस मानेकडून वर विरळ होत जातात, आणि वयपरत्वे सगळेच केस थोडे बारीक होतात. पट्ट्याबाहेरून घेतलेले मूळ पुढे लावले, तरी ते आपल्या ठरलेल्या वेळी गळणारच.

नव्वदच्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली एक ते चार केसांचे नैसर्गिक गुच्छ वेगळे करून लावणे रूढ झाले. बाहुलीचे केस गेले. पुढे एकेक मूळ सुटे काढण्याची एफयूई पद्धत आली. तिचा महत्त्वाचा लेख 2002 चा. टाक्यांची लांब रेघ टळली, ही मोठी सोय. पण ‘एका बैठकीत एवढे हजार ग्राफ्ट’ अशी चढाओढ लागली, की सुई सहज सुरक्षित पट्ट्याबाहेर जाते, हेही खरे.

ओरेंट्राइख यांच्या नियमालाही थोडी मुरड पडली. कोरियाचे डॉ. ह्वांग यांनी स्वतःच्या डोक्यावरचे केस स्वतःच्याच पायावर लावून पाहिले. तिथे ते हळू वाढले. म्हणजे नव्या जागेचाही काही परिणाम होतो. 2020 मध्ये भारतातील एका शोधनिबंधात 112 रुग्णांचे केस चार वर्षांनी तपासले, तेव्हा आधीइतकी घनता सुमारे 9 टक्के लोकांतच टिकलेली होती. अभ्यास लहान आहे आणि दशकानुदशके ग्राफ्ट टिकलेले रुग्णही भरपूर आहेत, म्हणून घाबरून जाऊ नये. पण ‘आयुष्यभर जसेच्या तसे’ असे कोणी लिहून देत असेल, तर सावध राहा.

म्हणून चोवीस-पंचवीसचा मुलगा आला, की मी आधी वडील, काका, मामा यांच्या डोक्याची चौकशी करतो. मूळचे केस राखण्यासाठी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड द्यायचे का, हे दुष्परिणाम समजावून ठरवतो. औषध थांबवले की त्याचा फायदाही ओसरतो, हे आधीच सांगतो. मागचा साठा बहुतेकांत पाच-सहा हजार ग्राफ्टचा. तो पंचविशीत खाली आणलेल्या केशरेषेवर संपवला, तर पन्नाशीत शेंड्याकडच्या टकलासाठी काहीच उरत नाही. त्यामुळे मी रेषा थोडी वरच आखतो. आरशात पाहून मुले हमखास विचारतात, “अजून एक बोट खाली घेता येईल का?” तेव्हा मी त्यांच्या वडिलांचा फोटो पुन्हा समोर ठेवतो.