‘दारू शिसें’ : एका अर्थभ्रमाविषयीं

जुन्या फौजी हिशेबांत ‘दारू शिसें’ हा जोडशब्द पदोपदीं आढळतो. बंदुकीची दारू व गोळ्यांसाठीं शिसें, हा त्याचा अर्थ संग्राहकांस सांगावयास नको. परंतु फाटक्या कागदावर ही एकच ओळ उरली म्हणजे अडचण पडते. ‘शिसा’ म्हणजे बाटली. त्याचें अनेकवचन ‘शिसे’. मोडींत अनुस्वार बहुधा गाळलेला असतो, आणि सामान्यरूप दोहोंचेंही ‘शिशा’च. मग दारू कोणती, व धातु कीं बाटल्या, हें ओळीवरून कसें ठरवावें?

हिंगोलीकडील कागदांविषयीं ही सावधगिरी विशेष हवी. तेथें १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती; १८१९ त त्याच मुलखांत नौसाजी नाइकाच्या नव्ह्याच्या गढीस वेढा पडला. दोन्ही दारवांस तेथें जागा होती. शिशानें बाधलेल्या मद्याचा पुरावा म्हणून अशी ओळ पुढें करण्याचा मोह कोणासही होईल; म्हणून असें प्रकरण सिद्ध कसें झालें तें पाहावें.

इंग्लंडांत डेव्हन परगण्यांत सफरचंदाची दारू पिणारांस दारुण पोटशूळ उठे व हात लुळे पडत. हक्सॅमनें १७३९ त दोष दारूच्या आंबटपणास दिला. जॉर्ज बेकर, जातीनें डेव्हनचाच, यानें १७६७ त निराळें मांडलें. हियरफर्ड परगण्यांतही ही दारू पीत, पण तेथें हा रोग सहसा नसे. डेव्हनांत मात्र फळें दळण्याच्या दगडी घाण्याचे सांधे शिशानें बुजवीत. एवढ्यावर न थांबतां त्यानें १८ बाटल्यांतून साडेचार ग्रेन शिसें प्रत्यक्ष काढून दाखविलें. आंबटपणा निर्दोष नव्हताच. तोच शिशास खाई. बक्षीस म्हणून त्यास आपल्याच परगण्याचा रोष मिळाला! पुढें एकोणिसाव्या शतकांत गुत्त्यांतील बिअर तळघरांतून शिशाच्या नळीनें ओढीत, तेव्हां रात्रभर नळींत राहिलेला भाग सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या पेल्यांत पडे.

आपल्याकडील मोहाच्या भट्टीस मातीचें मडकें व वेळूची नळी. तींत शिशास ठावच नाहीं. तांब्याच्या भांड्याच्या कल्हईंत कथलाबरोबर शिसें मिसळलें असेल, तरच शंकेस जागा. सबब आमच्या मतें, शब्दापुढें मण-शेर असल्यास धातु समजावा, नुसता नगांचा आंकडा असल्यास बाटल्या. आणि तेंही नसेल, तर खर्च कोणत्या खात्यावर पडला आहे हें पाहिल्यावांचून अर्थ लावूं नये.