भोजकट ते भातकुली : विद्यावेतन आणि वारशाची नोंद

वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचा चम्मक ताम्रपट अचलपूरनजीकच्या एका शेतात नांगरणी चालू असता उपलब्ध झाला. फ्लीट यांनी १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या गुप्तकालीन लेखसंग्रहात त्याचा समावेश केला. प्रवरसेनाने आपल्या कारकीर्दीच्या १८व्या वर्षी मधुनदीच्या तीरावरील चर्मांक हे ग्राम १००० ब्राह्मणांस दान दिले, असे त्यात नमूद असून ते ग्राम ‘भोजकट’ राज्यात असल्याचा निर्देश आहे. त्याहून कित्येक शतके आधीच्या, भरहूत येथील स्तूपाच्या एका दानलेखातही भोजकट येथील भिक्षुणीचा उल्लेख येतो. श्रीकृष्णाकडून पराभूत झालेला रुक्मी कुंडिनपुरास परतला नाही, तर भोजकट वसवून तेथेच राहिला, अशी कथा हरिवंशात आहे. अमरावतीच्या पश्चिमेस असलेले भातकुली हेच ते भोजकट, अशी परंपरा असून अनेक अभ्यासकांनी तिला मान्यता दिली आहे.

या समीकरणाची भाषाशास्त्रीय बाजू मात्र तितकीशी सरळ नाही. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ज’ व ‘क’ यांचा सामान्यतः लोप होतो आणि ‘ट’ चा ‘ड’ होतो. ‘घट’ पासून ‘घडा’ झाला तो याच नियमाने. समासातील उत्तरपदाचा आद्य ‘क’ टिकून राहिला असे मानले, तरी ‘भोयकड’ सारखे एखादे रूप अपेक्षित ठरेल. ‘भातकुली’ मधील आकार, त्यातील ‘त’ आणि ‘कुली’ हा अंत्यभाग यांची उपपत्ती त्यावरून लागत नाही. एवढ्यावरून समीकरण असत्य ठरत नाही. ग्रामनामांत लोकव्युत्पत्तीमुळे व सादृश्यामुळे पुष्कळ उलथापालथ होत असते. परंतु निर्णय करावयाचा तर मधल्या शतकांतील रूपे हाती असावयास हवीत.

ही रूपे कोठे मिळतील, याचे उत्तर अवघड नाही. भातकुली हे दिगंबर जैनांचे तीर्थक्षेत्र आहे, आणि जैन मूर्तींच्या पादपीठांवर प्रतिष्ठेचे वर्ष, दात्याचे नाव व क्वचित स्थलनाम कोरण्याची रीत सर्वपरिचित आहे. जुन्या घराण्यांच्या दप्तरांतील मोडी कागद, इनामांच्या सनदा, शेतांची व पांदणींची जुनी नावे, यात्रेकरूंच्या नोंदी ही सर्व या शोधाची साधने होत. त्यांतील पादपीठे प्रक्षालनाने झिजतात, कागद वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडतात आणि शेतांची नावे सांगणारी पिढी मागे सरते. उणीव आहे ती साधनांची नव्हे, तर गावी जाऊन, बसून, अक्षर लावून ती उतरवून घेणाऱ्या माणसांची. यास्तव ग्रामनामाचा हा प्रश्न अखेरीस शिक्षणार्थ्याच्या योगक्षेमाच्या प्रश्नाशी येऊन ठेपतो.

स्थळांची नोंद ठेवण्याची परंपरा वऱ्हाडास परकी नाही. रिद्धपूर हे ज्यांचे श्रेष्ठ तीर्थ, त्या महानुभावांच्या १४व्या शतकातील ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या स्थानांची दिशा, सान्निध्य व रचना यांसह नोंद आहे. तिच्या कर्त्यास निर्वाहाची साधने पंथाने पुरविली आणि प्रेरणा श्रद्धेने. आंग्ल अमदानीत हे कार्य शासनाकडे आले. कझिन्स यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची यादी १८९७ साली, आणि रायबहादूर हिरालाल यांची कोरीव लेखांची वर्णनात्मक सूची १९१६ साली प्रसिद्ध झाली. या दोन्ही ग्रंथांचे ऋण आजही फिटलेले नाही. तथापि ते अधिकाऱ्यांचे कार्य होते. एका अधिकाऱ्याकडे अनेक जिल्हे असता एका गावाच्या वाट्यास काही ओळींहून अधिक येणे शक्य नव्हते. शिवाय त्या व्यवस्थेत विद्यार्थ्यास स्थान नव्हते.

ते स्थान प्रथम मोठ्या प्रमाणावर १९४४ साली मिळाले. पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून आलेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी त्याच वर्षी तक्षशिला येथे प्रशिक्षण-शिबिर भरविले. विद्यापीठांतून व पुरातत्त्वखात्यांतून आलेले सुमारे ६० शिक्षणार्थी त्यात होते. पुढे महासंचालकपदी पोहोचलेले ब्रजबासी लाल हे त्यांपैकीच एक. त्यांचे मूळ शिक्षण संस्कृतचे होते. प्रत्येक दिवसाच्या कामाची लेखी नोंद, स्तरांचे रेखाटन आणि त्यांची तपासणी हा या शिबिराचा कणा होता. १९५९ साली दिल्लीत पुरातत्त्व विद्यालय स्थापन झाले व १९८५ साली त्याचे संस्थेत रूपांतर झाले. तेथील शिक्षणास विद्यावेतनाची जोड मिळाल्याने या विषयाचा मार्ग सामान्य स्थितीतील विद्यार्थ्यांस काही अंशी मोकळा झाला. परंतु तेथील जागा मोजक्याच, आणि त्या साऱ्या देशासाठी.

याच सुमारास अमेरिकेत घडलेला एक प्रयोग येथे विचारात घेण्याजोगा आहे. जागतिक मंदीच्या काळात, १९३३ साली, चार्ल्स पीटरसन यांनी बेकार वास्तुशास्त्रज्ञांकडून देशातील जुन्या इमारतींची मोजमापे व आराखडे करवून घेण्याची योजना शासनापुढे मांडली. ती तत्काळ स्वीकारली गेली. मूळ हेतू बेकारांस काम देण्याचा होता. महायुद्धामुळे खंडित झालेले हे कार्य १९५० नंतरच्या दशकात पुन्हा सुरू झाले, तेव्हा वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांची उन्हाळी पथके वेतन देऊन त्यावर नेमण्यात आली. त्या पथकांचे आराखडे काँग्रेसच्या ग्रंथालयात जमा होतात व कोणाही अभ्यासकास पाहता येतात. ज्या इमारती पुढे पाडल्या गेल्या, त्यांपैकी कित्येकांचे रूप आज केवळ या कागदांवर उरले आहे. योजनेचे यश किती विद्यार्थ्यांस वेतन मिळाले यावर मोजले जात नाही. जमा झालेल्या आराखड्यांवर मोजले जाते.

भारतातील कायद्यांत व योजनांत हे दुसरे अंग दुर्बळ राहिले. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम कारखानदारीस समोर ठेवून झाला. अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांस त्यात प्रवेश मिळण्यास २०१४ ची दुरुस्ती व्हावी लागली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी बारावी उत्तीर्णास ६००० रुपये, आयटीआय वा पदविकाधारकास ८००० रुपये आणि पदवीधरास १०,००० रुपये मासिक विद्यावेतन ठरविण्यात आले. शासकीय कार्यालयांतही अशा उमेदवारांची नेमणूक होऊ शकत असल्याने वस्तुसंग्रहालये व अभिलेखागारे यांस हा मार्ग खुला आहे. दुसरीकडे, नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणास वा क्षेत्रप्रकल्पास ४ श्रेयांक देण्यात आले आहेत. एकीकडे वेतन आहे, पण विद्येची कसोटी नाही. दुसरीकडे कसोटी आहे, पण वेतन नाही. पहिल्या व्यवस्थेत उमेदवार आवक-जावक नोंदवहीपाशी बसतो. दुसऱ्या व्यवस्थेत शेतमजुराच्या घरून आलेली विद्यार्थिनी ज्या गावास जाण्यास एसटीचे भाडे लागणार नाही, तेच गाव प्रकल्पासाठी निवडते. कोणत्या गावाचा इतिहास लिहिला जाईल, हे अशा रीतीने विषयाच्या महत्त्वावरून न ठरता प्रवासखर्चावरून ठरते.

या दोहोंची सांगड घालणे अशक्य नाही. विद्यावेतन हजेरीच्या दिवसांवर न देता तपासून स्वीकारलेल्या नोंदींवर द्यावे. नोंदीची एक प्रत गावी, एक विद्यापीठात आणि एक शासकीय अभिलेखागारात राहावी. आणि विद्यार्थ्यास त्यापूर्वी मोडी वाचनाचे, ठसे घेण्याचे व मोजमापाचे शिक्षण मिळावे. पुराभिलेख संचालनालयाचे मोडी प्रशिक्षण वर्ग चालतच आले आहेत. ज्यांची वास्तू अथवा मूर्ती आहे, त्या विश्वस्तांची अनुमती व धर्मभावनेचा आदर या गोष्टी त्या शिक्षणाचाच भाग समजाव्यात. पूजेतील मूर्ती संग्रहालयात नेता येत नाही, व नेऊही नये. तिच्यावरील लेखाचे वाचन मात्र सर्वांचे होऊ शकते.

रुक्मिणीचे माहेर मानल्या गेलेल्या कौंडिण्यपूरच्या उत्खननाचा मोरेश्वर दीक्षित यांनी लिहिलेला अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला आणि पौराणिक कथेच्या शेजारी त्या गावाचा भौतिक पुरावा उभा राहिला. तिच्या भावाच्या नगरीचे नाव भातकुलीने खरोखरच धारण केले आहे काय, याचा निर्णय एखाद्या पादपीठावरील दोन अक्षरांनी वा एखाद्या सनदेतील एका शब्दानेही होऊ शकेल. चम्मकचा ताम्रपट नांगराच्या फाळास लागला, हा योगायोग होता. भातकुलीच्या बाबतीत पुन्हा तशाच योगायोगाची वाट पाहावयाची, की एखाद्या प्रशिक्षित विद्यार्थ्यास सहा महिने तेथे राहता येईल अशी तजवीज करावयाची, एवढाच पर्याय विद्यापीठापुढे व शासनापुढे आहे.