मांडीचे स्नायू आणि त्यांचे कप्पे

खुब्यापासून गुडघ्यापर्यंतच्या भागातील स्नायूंना मांडीचे स्नायू म्हणतात. चालणे, धावणे, उठणे-बसणे, जिना चढणे ही कामे मुख्यतः त्यांच्या जोरावर चालतात. त्वचेखाली या सगळ्या स्नायूंभोवती एक चिवट पांढरे आवरण असते. बाहेरच्या बाजूला ते जाड होऊन एक पट्टा तयार होतो. खेळाडू त्याला आयटी बँड म्हणतात. आवरणापासून निघालेले पडदे मांडीच्या हाडाच्या मागील खडबडीत कडेला चिकटतात आणि मांडीचे पुढचा, आतला व मागचा असे तीन कप्पे पाडतात. बाहेरचा पडदा सर्वांत भक्कम असतो, तर आतल्या व मागच्या कप्प्यांमधला अगदीच पातळ.

प्रत्येक कप्प्याला एक मुख्य काम आणि एक मुख्य मज्जातंतू असतो, हा मांडीच्या रचनेचा पाया. पुढचा कप्पा गुडघा सरळ करतो व त्याला फीमोरल मज्जातंतू चालवतो. आतला मांड्या जवळ आणतो, त्याचा मज्जातंतू ऑब्च्युरेटर. मागचा गुडघा दुमडतो आणि खुबा मागे नेतो. तो सायटिक मज्जातंतूच्या ताब्यात असतो. रक्तपुरवठ्याची वाटणी मात्र इतकी काटेकोर नाही. मांडीच्या खोल धमनीच्या शाखा आतल्या कप्प्यातल्या मोठ्या अ‍ॅडक्टर स्नायूला भेदून थेट मागच्या कप्प्यात उतरतात.

पुढच्या कप्प्यातील क्वाड्रिसेप्स हा चार स्नायूंचा समूह आहे. चौघांचा मिळून एक कंडरा होतो, तो गुडघ्याच्या वाटीला धरतो आणि वाटीखालून नडगीच्या हाडाच्या उंचवट्यावर रुततो. वाटीखाली हातोडीने हलका ठोका दिला की हाच स्नायू आखडतो व पाय पुढे उडतो. या चाचणीतून कमरेतल्या मज्जातंतूंच्या मुळांची स्थिती कळते. चौघांपैकी रेक्टस फीमोरिस तेवढा खुबाही ओलांडतो, त्यामुळे चेंडूला लाथ मारताना त्याच्यावर दुहेरी ताण येतो. बाहेरच्या बाजूचा व्हॅस्टस लॅटरॅलिस या समूहात सर्वांत मोठा आहे. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बाळाला पेंटाव्हॅलंट लस टोचतात ती याच स्नायूत. मोठ्या रक्तवाहिन्या आणि सायटिक मज्जातंतू इथून दूर असतात.

याच कप्प्यातला सार्टोरियस हा शरीरातील सर्वांत लांब स्नायू. कमरेच्या पुढच्या टोकाकडून तिरका उतरत तो गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोहोचतो. खुबा वाकवणे, मांडी बाहेर नेणे, ती बाहेर वळवणे आणि गुडघा दुमडणे ही चारही कामे तो करतो, म्हणजे मांडी घालून बसताना लागणारी प्रत्येक हालचाल. त्याच्याखालून जाणाऱ्या बोगद्यातून मांडीची मुख्य धमनी गुडघ्यामागच्या लवणीकडे जाते. 1785 मध्ये लंडनला जॉन हंटर यांनी लवणीतल्या धमनीला आलेल्या फुग्यावर उपाय म्हणून ही धमनी याच टप्प्यात बांधली. बाजूच्या लहान वाहिन्यांनी रक्त पोहोचवले आणि रुग्णाचा पाय वाचला.

आतल्या कप्प्यात अ‍ॅडक्टर स्नायू आणि लांब, सडपातळ ग्रॅसिलिस येतात. मल्लखांबावर दोन्ही मांड्यांची पकड पक्की राहते ती यांच्यामुळे. जांघेत स्नायू ताणला जातो तो बहुधा यांपैकीच एक असतो.

मागच्या कप्प्यातील हॅमस्ट्रिंग बसताना ज्या हाडांवर भार येतो तिथून निघतात व गुडघ्याखाली संपतात. दोन सांधे ओलांडत असल्याने वेगात धावताना, पाय पुढे टाकण्याच्या शेवटच्या क्षणी, ते कमाल ताणलेले असतात. धावपटू मध्येच मांडी धरून थांबतो तो बहुधा याच क्षणी झालेल्या दुखापतीमुळे.

वर सांगितलेल्या नियमाला अपवाद आहेत आणि ते लक्षात ठेवण्याजोगे आहेत. मोठ्या अ‍ॅडक्टरचा मागचा भाग हॅमस्ट्रिंगसारखा वागतो व सायटिककडून मज्जातंतू घेतो. जांघेतला पेक्टिनियस कामाने आतल्या कप्प्याचा, पण त्याचा मज्जातंतू सहसा फीमोरल. उलट सार्टोरियस, ग्रॅसिलिस आणि हॅमस्ट्रिंगपैकी सेमिटेंडिनोसस हे तीन वेगळ्या कप्प्यांतले स्नायू नडगीच्या आतल्या बाजूला एकाच जागी येऊन मिळतात. तिथूनच सेमिटेंडिनोसस व ग्रॅसिलिस यांचे कंडरे काढून गुडघ्यातला तुटलेला एसीएल हा अस्थिबंध पुन्हा बांधतात.

ज्या आवरणामुळे स्नायूंना आधार मिळतो, तेच फारसे ताणले जात नसल्याने घातकही ठरू शकते. हाड मोडल्यावर किंवा मांडी चिरडल्यावर आत रक्त साचले, सूज आली, की कप्प्यातला दाब वाढतो व स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. मांडीचे कप्पे प्रशस्त असल्याने पोटरीच्या मानाने हे क्वचित घडते. पावलाची नाडी लागत असतानाही आतला स्नायू मरत असू शकतो, म्हणून नाडी लागते यावर निर्धास्त राहू नये. आवरण वेळीच चिरून दाब मोकळा करणे हाच उपाय आहे. इजेच्या मानाने वेदना फार जास्त असेल, वाढत असेल आणि मांडी दगडासारखी टणक लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.