लाल मण्यापर्यंत मोजलेले श्वास

तान्ह्या बाळाला न्यूमोनिया झालाय का, हे ओळखायला दरवेळी एक्स-रे लागत नाही. अंगातलं झबलं वर करायचं आणि मिनिटभर श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा त्याहून जास्त, त्याहून मोठ्या बाळाचे ५० किंवा त्याहून जास्त भरले, तर धोका. आपल्या फोनमध्ये स्टॉपवॉच असतं, त्यामुळे हे सोपं वाटतं. पण समोरच्या दाईला बाराच्या पुढे मोजताच येत नसेल तर?

१९८०च्या दशकात हा प्रश्न गडचिरोलीत उभा राहिला. चंद्रपूरमधून वेगळा होऊन १९८२ साली झालेला हा जिल्हा. जंगल, लांबलांबची गावं, आणि डॉक्टर त्याहून लांब. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था इथे मुलांच्या न्यूमोनियावर काम करत होती. औषध स्वस्त होतं, पण मूल वेळेत ओळखणारं माणूस गावातच हवं होतं. असं माणूस म्हणजे दाई. बाळंतिणीच्या खोलीत तिला आधीपासून जागा होती, पण तिला शाळा मिळाली नव्हती.

आधी अंकगणित शिकवून मग वैद्यक शिकवायचं, असा मार्ग घेता आला असता. बंग दांपत्याने मोजण्याची रीतच बदलली. एका साध्या साधनात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी बसवल्या. एक ओळ अगदी लहान बाळांसाठी, दुसरी मोठ्यांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजणं दाईला येतच होतं. निदानाचा निकष होता तसाच राहिला, फक्त तो तिच्या बोटांना पेलेल अशा रूपात आला.

पुढची पायरी जास्त अवघड होती. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायचा आणि घरी जाऊन जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. हे काम पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्या बायकांना शिकवायचं ठरलं. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणत. चुकीचा डोस किंवा चुकीची जागा बाळाच्या जिवावर बेतू शकते, त्यामुळे डॉक्टरांना वाटणारी भीती खोटी नव्हती. पण दुसऱ्या बाजूलाही मरणच होतं, कारण सांगूनसुद्धा अनेक कुटुंबं बाळाला दवाखान्यात नेत नसत. म्हणून प्रशिक्षणात धोक्याच्या लक्षणांची ठरावीक यादी आली, प्रत्येक बाळाची लेखी नोंद आली, आणि त्या नोंदी गावात येऊन नियमित तपासणारा डॉक्टरही आला. एकदा शिकवून सोडून दिलं, असं झालं नाही.

हा प्रयोग ३९ गावांत झाला. तुलनेला ४७ गावं होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांत दर हजार जन्मांमागे २५.५ नवजात बाळं दगावली होती, तुलनेच्या गावांत ५९.६. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण उपचारांआधी १६.६ टक्के होतं, ते आरोग्यदूतांच्या उपचारांनंतर २.८ टक्क्यांवर आलं.

२०११ साली घरोघरी नवजात बाळांची काळजी हा देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाला. बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत त्या ठरलेल्या दिवशी घरी येतात, वजन करतात, ताप बघतात. इंजेक्शन मात्र त्यांच्या हाती दिलं गेलं नाही. २०१४च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ठराविक परिस्थितीत ते द्यायची मुभा एएनएम, म्हणजे नर्सताईंना दिली.

सावधगिरी म्हणून हे समजण्यासारखं आहे. देशभरातल्या लाखो आशाताईंवर ३९ गावांइतकी बारीक देखरेख ठेवणं सोपं नाही. पण मग अडचण शिकणारीच्या कुवतीची नाही, तिच्या पाठीशी नियमित येऊन उभं राहणाऱ्या माणसाची आहे. तुमच्या गल्लीत वजनकाटा घेऊन फिरणाऱ्या आशाताईंना काय जमणार नाही, हे ठरवण्याआधी त्यांना कोणी, किती वेळा येऊन शिकवलं, हे विचारायला हवं.