चमच्याचे आमिष आणि तलावातील मरळ

गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून तासन्‌तास पाण्याकाठी बसणारा मासेमार सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र कोणतेही खाद्य न लावता, केवळ धातूची चकाकती पत्री पाण्यातून ओढूनही मासा पकडता येतो. या पत्रीला ‘स्पून’ म्हणजेच चमचा म्हणतात. अमेरिकेतील ज्यूलिओ ब्यूएल यांनी १८५२ मध्ये अशा आमिषाचे पेटंट घेतले. होडीतून पडलेल्या चमच्यावर माशाने झडप घातली आणि त्यातून त्यांना ही कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. भारतात ब्रिटिश अमदानीत महासीर पकडण्यासाठी चमचा वापरला जाऊ लागला.

चमचा काम कसे करतो?

पत्री मध्यभागी खोलगट असल्याने ओढताना ती दोन्ही बाजूंना डोलते आणि सैल सोडताच गिरक्या घेत बुडते. तिची चमक व कंपने यांमुळे शिकारी माशाला जखमी मासोळीचा भास होतो. अमेरिकेतील तळ्यांत क्रॅपीसारख्या लहान माशांसाठी जेमतेम १ ते ३ ग्रॅमचा चमचा पुरतो. क्रॅपी वर पाहून भक्ष्य टिपतो, म्हणून चमचा त्याच्या किंचित वरून नेतात. त्याचे तोंड नाजूक असल्याने हिसकाही देत नाहीत.

भंडाऱ्यातील पाणी

क्रॅपी आपल्याकडे नाही. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना महामार्गावर शहापूर लागते. हा सारा जिल्हाच तलाव आणि बोड्यांसाठी ओळखला जातो. येथील जुने माजी मालगुजारी तलाव ‘मामा तलाव’ म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांत सोडल्या जाणाऱ्या रोहू, कटला, मृगल या माशांपुढे चमचा फारसा उपयोगी नाही, कारण ते वनस्पती, सूक्ष्म जीव आणि तळातील गाळ यांवर जगतात. चमच्यावर धावते ती प्रामुख्याने मरळ. ती पाणवनस्पतींच्या आड दबा धरते आणि हवेत श्वास घेण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागावर येते.

अशा पाण्यात तीन तोंडांचा गळ गवतात अडकतो. त्याऐवजी एकेरी गळाचा, टोकापुढे तारेचे संरक्षण असलेला चमचा निवडावा. दोरीला पीळ पडू नये म्हणून फिरती कडी लावावी. चमचा गवताच्या कडेने टाकून संथपणे ओढावा आणि मध्येच क्षणभर सैल सोडावा. झडप अनेकदा याच क्षणी पडते.

पावसाळ्यातील संयम

पावसाळा हा मरळीच्या विणीचा काळ. तिची लालसर-नारिंगी पिले थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि खाली पालक मासा पहारा देतो. थव्यावरून चमचा गेला की तो भुकेने नव्हे, पिलांच्या रक्षणासाठी झेपावतो. म्हणूनच या दिवसांत मरळ पकडणे सर्वांत सोपे आणि सर्वांत हानिकारक असते. पालक गेला की उघडी पडलेली पिले इतर माशांच्या व पाणपक्ष्यांच्या तोंडी सापडतात. एका गळाने साऱ्या थव्याचे भवितव्य धोक्यात येते. पिलांचा थवा दिसताच तेथून चमचा आवरता घ्यावा, हाच शहाणपणा.

हक्क कोणाचा?

तलाव मोकळा दिसला तरी त्यातील मासळी बेवारस नसते. अनेक तलावांतील मासेमारीचे हक्क ठेक्याने स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात आणि ढीवर समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका त्यावर चालते. बेशरमसारख्या वनस्पतींनी व्यापलेले तलाव स्वच्छ करून देशी पाणवनस्पती आणि देशी मासे परत आणण्यासाठी ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’सारख्या संस्थेने ढीवर बांधवांसह काम केले आहे. मरळ ही त्यांच्या दृष्टीने छंदाची नव्हे, कमाईची मासळी आहे. बाजारात ती जिवंत विकली जाते आणि तिला भावही चांगला मिळतो. त्यामुळे शहरातून गळ घेऊन येणाऱ्याने आधी संस्थेची परवानगी घ्यावी, लहान मासे परत सोडावेत आणि तुटलेली दोरी काठावर टाकू नये.