ऊमरा

ऊमरा : इंग्रजी व्यापारी परिभाषेतील नाम, अनेकवचन ऊमराज. वऱ्हाड व लगतच्या मुलखातील आखूड धाग्याच्या देशी कापसाला मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत मिळालेले नाव. अमरावतीचे जुने रूप उमरावती. उदुंबरावती, म्हणजे उंबरांचे गाव, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. इंग्रज कागदोपत्री ‘ऊमरावटी’ लिहीत, त्याचेच हे आखूड रूप. मोगल सरदारांसाठी इंग्रजीत आलेला ‘ओमरा’ हा शब्द अरबी मुळाचा. त्याचा याच्याशी संबंध नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धात (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडी कापसाला एकाएकी भाव चढला. 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि माल बंदरात सहज जाऊ लागला. नाव एका शहराचे, कापूस मात्र साऱ्या वऱ्हाडाचा. खानदेशच्या गाठीही पुढे याच नावाखाली मोडत. वऱ्हाडातील कारंजा तालुक्यातल्या काळ्या जमिनीतला कापूसही विलायतेत ऊमराच. हा अन्याय अधिक बोचतो तो कारंज्याच्या मोठेपणामुळे: 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार इथेच सुरू झाला. मँचेस्टरला स्वच्छ कापूस वाजवी दरात हवा होता, हे त्यामागचे खरे कारण. तरी बाजाराला कायद्याची शिस्त लागली ती इथूनच. 1897 मध्ये वऱ्हाडासाठी स्वतंत्र बाजार कायदा झाला.

पारखी व्यापारी चिमटीत रुईचा पुंजका धरून हलके ओढी, तंतू सरळ करी आणि नजरेनेच लांबी ठरवी. ऊमराचा तंतू इंचाहून बराच आखूड व खरबरीत. तलम सूत त्यातून निघत नसे. पण शेतकऱ्याचा हिशेब वेगळा होता. पांढऱ्या फुलाच्या ‘रोझियम’ वाणात सरकी कमी आणि रुईचा उतारा जास्त, म्हणून त्याने तोच पेरला. ते शहाणपणाचेच होते. जाडेभरडे सूत काढणाऱ्या जपानी गिरण्या या मालाच्या मोठ्या गिऱ्हाईक होत्या.

मुंबईच्या वायदेबाजारात भडोच आणि बंगाल यांच्या जोडीला ऊमरा हा स्वतंत्र सौदा होता. लांब धाग्याचे वाण आले, तसा हा शब्द व्यवहारातून गेला. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास धुंडाळणाऱ्याने जुन्या इंग्रजी बाजारभावांत अकोला किंवा कारंजा शोधत बसू नये. ऊमरा या मथळ्याखाली पाहावे.