गोमंतकाची गावकारी

पणजीला लागून असलेल्या ताळगावात दरवर्षी 21 ऑगस्टला कणसाचे फेस्त साजरे होते. शेतात नुकत्याच पिकू लागलेल्या भाताची पहिली लोंबी विधिपूर्वक कापली जाते, मंत्रून घेतली जाते आणि वाजतगाजत मिरवली जाते. घाटावरच्या मंडळींना नव्याच्या पुनवेची आठवण व्हावी असाच हा सोहळा. परंतु पहिल्या कापणीचा हा मान ताळगावालाच का, याचे उत्तर शोधू गेल्यास पाच शतके मागे जावे लागते. 16 सप्टेंबर 1526 रोजी पोर्तुगीज राजाचा महसूल अधिकारी अफोंसु मेशिया याने तिसवाडीतील गावांच्या रूढींची एक सनद तयार केली. तिच्या 49 कलमांपैकी एका कलमात असे म्हटले आहे की, बेटावरील भाताची कापणी प्रथम ताळगावच्या गावकारांनी सुरू करावी आणि पहिली पेंढी मुख्य चर्चच्या वेदीवर वाहावी.

आफोंसु द आल्बुकेर्क याने 1510 साली गोवा जिंकले, त्यानंतर अवघ्या सोळा वर्षांनी ही सनद झाली. जिंकलेल्या मुलखात परक्या सत्तेने आपले कायदे लादावेत, हा जगाचा रिवाज. येथे मात्र जेत्यांनी आधी गावकऱ्यांना विचारले आणि जी वहिवाट सापडली ती कागदावर उतरवली. यामागे औदार्य नव्हते, व्यवहार होता. गावाकडून ठराविक वसूल हवा असेल तर गाव ज्या घडीवर चालत आला आहे ती घडी मोडून चालणार नाही, हे मेशियाला उमगले होते. त्या घडीचेच नाव गावकारी. पोर्तुगीज दप्तरात पुढे तिला ‘कोमुनिदाद’ म्हणू लागले.

सनदेच्या आरंभी गावांच्या उत्पत्तीची एक परंपरागत कथा नोंदली आहे. प्राचीन काळी ओसाड बेटावर चार माणसे आली, त्यांनी जमीन लागवडीस आणली, वस्ती वाढली, आणि त्यांच्या उत्तम कारभारामुळे त्यांना गावकार हे नाव पडले. कथा म्हणून ती साधी आहे, पण तीत एक मोठे तत्त्व सांगितले आहे. ज्याने जमीन घडवली तो तिचा धनी आणि जो तिची निगा राखतो तो तिचा कारभारी, असा तो विचार आहे. गोमंतकात ‘जमीन घडवणे’ हा नुसता अलंकार नव्हे. तेथील पुष्कळशी जमीन माणसाने खरोखरच समुद्राच्या हातून सोडवून घेतलेली आहे.

मांडवी आणि जुवारी या नद्या समुद्राला मिळण्यापूर्वी बरीच मजल संथपणे वाहतात. भरतीचे खारे पाणी त्यांच्या पात्रांतून थेट आतपर्यंत शिरते. दोन्ही तीरांवर सखल, दलदलीचे पट्टे पसरलेले आहेत. या पट्ट्यांना बांध घालून भरतीचे पाणी बाहेर अडवले, तेव्हा जी शेतजमीन तयार झाली तिला खाजन म्हणतात. उत्तर कोकणातील खारजमीन ती हीच. गोव्यात आजही सुमारे 18,000 हेक्टर क्षेत्र या प्रकारात मोडते आणि त्यातील कित्येक शेते भरतीच्या पातळीच्याही खाली आहेत. बांध फुटला की दोन-चार भरत्यांत शेताची खाडी होते.

या बांधांची रचना पाहण्यासारखी आहे. नदीच्या अंगाचा बाहेरचा बांध जांभ्या दगडाने आणि चिखलाने मजबूत केलेला असतो. आतले बांध माती, पेंढा आणि बांबू यांचे. बांधात योग्य जागी पाण्याचे दार बसवतात. त्याला मानस म्हणतात. मानशीच्या लाकडी झडपा अशा बेताने लावलेल्या असतात की भरतीचे पाणी चढू लागले म्हणजे त्याच्याच दाबाने त्या मिटतात आणि ओहोटी लागली म्हणजे आतले पाणी त्यांना लोटून बाहेर पडते. पावसाळ्याचे गोडे पाणी जमिनीतले मीठ धुऊन नेते. मग खारेपणा सोसणारे कोरगुट जातीचे भात पेरले जाते. कापणी उरकल्यावर त्याच आवारात मासळी आणि कोळंबी धरली जाते, काही ठिकाणी मिठागरेही चालतात. एकच जमीन ऋतुमानाप्रमाणे भात, मासा आणि मीठ देते.

आता असा बांध कोणी एकट्या शेतकऱ्याने राखणे शक्य नाही. ज्याचे शेत बांधापासून दूर, त्याला बांधाची काळजी वाटत नाही. ज्याचे जवळ, त्याला सगळा खर्च झेपत नाही. खेकड्याने पाडलेले एक बीळ वेळीच बुजवले नाही तर शंभर शेतांचे पीक जाते. म्हणून खाजनाची शेती ही मुळातच सामाईक शेती आहे आणि गावकारीचा सगळा कारभार या बांधाभोवती उभा राहिलेला आहे.

तो कारभार असा चाले. जमीन गावाची, कोणा एका घराची नव्हे. सर्व गावकारांच्या संमतीवाचून कोणाही गावकाराला आपला वारसा विकता येत नसे. खाजनाचे तुकडे ठराविक मुदतीने, बहुधा दर तीन वर्षांनी, जाहीर लिलावाने कसायला दिले जात. मानशीवरील मासेमारीचाही लिलाव होई. गावकारांची कुळे वांगड या नावाने ओळखली जात आणि सभेत मत व्यक्तीचे नसून वांगडाचे धरले जाई. गावचा कुळकर्णी सभेचे निर्णय लिही आणि जमाखर्च ठेवी. आलेल्या उत्पन्नातून आधी राजभाग फेडायचा. त्याची जबाबदारी साऱ्या गावावर सामाईक असे. मग बांध-मानशींची डागडुजी, देवस्थानाचा खर्च आणि सुतार, लोहार, न्हावी इत्यादी गावच्या चाकरीतील लोकांची तरतूद. त्यांना बहुधा जमीनच तोडून दिलेली असे. हे सर्व भागून जे शिलकीत राही ते गावकारांत वाटले जाई. त्या वाट्याला जोण म्हणत.

या क्रमात गावकारीचे मर्म आहे. वाटणी शेवटी, बांध आधी. ज्याला जोण हवा त्याला बांध शाबूत हवा आणि बांध शाबूत आहे की नाही हे पाहण्यासाठी कोणा सरकारी तपासनिसाची गरज नव्हती. शिलकीचा आकडाच ते सांगत असे.

शेतीच्या जोडीला गावाची करमणूकही याच देखरेखीखाली होती. शिगमो ज्या मोकळ्या जागेत घुमतो तो मांड हा साऱ्या गावाचा. त्याचे नियम, त्याची वेळ आणि तेथील मान ठरलेले असत. मेशियाच्या सनदेतील शेवटची काही कलमे तर विडा प्रथम कोणी घ्यावा, सणाला आलेल्या नर्तकींनी प्रथम कोणाच्या दारी नाचावे, अशा मानपानांचीच आहेत. राजाच्या महसूल अधिकाऱ्याने नाचाच्या क्रमाची नोंद करावी, हे आज मौजेचे वाटते. पण ज्या गावात सर्वांची मालमत्ता सामाईक, तेथे तंटा मालमत्तेवरून कमी आणि मानावरून अधिक होणार, हे त्यातील शहाणपण आहे.

हे चित्र पाहून गावकारीला रामराज्य ठरवण्याचा मोह अनेकांना झाला. तो आवरला पाहिजे. सभेत बसण्याचा हक्क जन्माने मिळे आणि तोही पुरुषांनाच. गावाबाहेरून येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांना दुय्यम स्थान होते. बांधावर चिखल वाहणारे, गुडघाभर पाण्यात लावणी करणारे गावडे, कुणबी आणि भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारे मुंडकार यांना त्या सभेत आवाज नव्हता. गोव्यातच जन्मलेले थोर इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1947 मध्ये जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर इंग्रजीत निबंध लिहिला. या संस्थेकडे भाविकपणे न पाहता तिच्या आर्थिक पायाची चिकित्सा करण्याचा मार्ग त्यांनी दाखवला. संस्था टिकाऊ होती, हे खरे. ती न्याय्य होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

परकी सत्ताही पुढे केवळ नोंदी करून थांबली नाही. तिसवाडीतील देवळे मोडली गेली आणि 1541 साली देवस्थानांच्या जमिनींचे उत्पन्न गावकारांना ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवावे लागले. 1543 मध्ये बारदेश आणि साष्टी हे प्रांतही पोर्तुगिजांकडे गेले. पुष्कळ गावकार धर्म बदलून गावी राहिले, पुष्कळ दैवते घेऊन नदीपार गेले. आश्चर्य असे की, वेदीवरचा देव बदलला तरी बांधाची वहिवाट बदलली नाही. भरतीला धर्मांतर ठाऊक नव्हते. नंतरच्या काळात संस्थेत विकता-घेता येणारे हिस्से शिरले, गावाशी संबंध नसलेले हिस्सेदार आले आणि सरकारी देखरेख वाढत गेली. 1904, 1933 आणि 1961 या वर्षी एकामागून एक संहिता निघाल्या. जे काम सभेच्या तोंडी ठरावाने होई, त्याला आता प्रशासकाची मंजुरी लागू लागली. शेवटची संहिता 15 एप्रिल 1961 ची. ती लागू करणारी सत्ता त्याच वर्षी 19 डिसेंबरला गोव्यातून गेली.

मुक्तीनंतर गोव्यात लोकशाही आली ती गावापासून. ऑक्टोबर 1962 मध्ये पहिल्या पंचायत निवडणुका झाल्या आणि ज्यांना गावकारीच्या सभेत कधी जागा नव्हती ते स्त्री-पुरुष प्रथमच गावच्या कारभारात मत देऊ लागले. 1964 च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि खंडावर मर्यादा घातली. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना 1976 मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्याला मालकीचा मार्ग खुला झाला. शतकानुशतकांचा एक अन्याय यामुळे दूर झाला, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही.

परंतु अन्यायाबरोबर एक जबाबदारीही उखडली गेली. तिच्या जागी दुसरी तितक्या घट्टपणे रोवली गेली नाही. खंड घटला तशी गावकारीची तिजोरी आटली. ज्या तिजोरीतून बांध राखले जात, तीच ती. बांधांच्या देखभालीसाठी 1975 च्या नियमांनी कुळांचे संघ निर्माण केले. कागदावर योजना उत्तम होती. प्रत्यक्षात जमीन कुळाची, संहिता गावकारीची, रस्ता-दिवे पंचायतीचे आणि दुरुस्तीचा निधी शासनाचा, अशी एका बांधाची चार दैवते झाली. फुटलेला बांध कोणी बांधायचा, हे ठरेपर्यंत भरती थांबत नाही.

त्यातच कोळंबीला भाव आला. मानशीवरील मासेमारीचा लिलाव भातापेक्षा अधिक रक्कम देऊ लागला. मासे धरणाऱ्या ठेकेदाराचा फायदा झडप उघडी राहण्यात आणि भात पिकवणाऱ्याचा ती वेळेवर मिटण्यात. पूर्वी हे दोन्ही हितसंबंध एकाच सभेपुढे येत आणि एकाच हिशेबात मिटत. आता ते वेगळ्या हातांत गेले. अनेक खाजनांत खारे पाणी शिरून भात गेले. काही ठिकाणी तिवराचे बन उभे राहिले. कोठे भराव पडून इमारती आल्या. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाजनांना खास संरक्षण देण्याची तरतूद झाली. समुद्राची पातळी वाढत असता तिचे महत्त्व कमी लेखून चालणार नाही. तरीही राजपत्रातली अधिसूचना रात्रीच्या भरतीला कंदील घेऊन बांधावर जाऊ शकत नाही.

गोव्यात आजही दोनशेहून अधिक गावकाऱ्या कायद्याने अस्तित्वात आहेत. काहींच्या सभा नियमाने भरतात, काहींच्या जमिनींचे तंटे न्यायालयात चालतात. त्यांना जुन्या वैभवात पुन्हा बसवावे, असे म्हणणे हा इतिहासाचा निष्कर्ष नव्हे. ज्या सभेत कष्टकऱ्याला जागा नव्हती ती सभा परत आणण्यात अर्थ नाही. तिने राखलेला क्रम मात्र परत आणण्याजोगा आहे: बांध आधी, वाटणी नंतर, आणि हिशेब सर्वांसमोर. गावकारीला मत न देता कष्ट घेता आले. पंचायतीने आणि कुळसंघाने मत तर दिले, त्याला आता बांधाची जबाबदारी जोडून द्यायची आहे.

ताळगावची पहिली लोंबी अजून दर ऑगस्टात कापली जाते. मेशियाच्या लेखणीपूर्वीपासून चालत आलेला तो मान मोठाच आहे. पण लोंबी पिकावी यासाठी वर्षभर कोणीतरी बांधावरून फिरत असावे लागते. तो फेरा कोणाचा, हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावची शेते हिरवी राहतील.